विणा गळ्यात असताना

विणा एकदा गळ्यात घेतला की तोंडावरचा मास्क सरळ करायला हात उरत नाही. एक हात तारांवर, दुसऱ्या हातात चिपळ्या. नाम घेता घेता जबडा हलतो आणि कापड हळूहळू खाली सरकतं. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी माझं नाक असंच उघडं पडलं. मंदिराच्या पायरीवर बसलेले तांबारे गुरुजी उठले, आधी स्वतःच्या तळव्यांना सॅनिटायझर चोळलं, माझ्यासमोर आले आणि दोन बोटांनी माझा मास्क नाकावर चढवला.

"माऊली, नाक," ते म्हणाले.

मी नाम घेत घेत नुसती मान हलवली. आमच्या सावळदऱ्याच्या सप्ताहाचे नियम कडक. सात दिवस विणा जमिनीला लागायचा नाही. दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आणि ज्याच्या गळ्यात विणा, त्यानं नामाशिवाय एक शब्द उच्चारायचा नाही. घर पेटलं असं कुणी सांगत आलं तरी नाही. हा नियम माझ्या वडिलांनी घातला होता, महाशिवरात्रीचा सप्ताहही त्यांनीच सुरू केला. त्या वर्षी त्याला चाळीस वर्षं पूर्ण होत होती.

करोनाची दुसरी लाट तोंडावर होती. तहसीलनं पन्नास माणसांची परवानगी दिली आणि अट घातली: प्रत्येकाला मास्क, अंतर ठेवून बसायचं, आणि शेवटच्या दिवशी काला एकमेकांना भरवायचा नाही. देखरेखीला आमच्याच शाळेतल्या तांबारे गुरुजींना नेमलं. गुरुजी परजिल्ह्यातले, गावात एकटे खोली करून राहायचे. रोज मोबाईलवर एक फोटो काढून पाठवायचा, एवढं त्यांचं काम. पण ते पहाटेच्या काकड्यापासून यायचे. घरोघरच्या जुन्या साड्या नि धोतरं मागून माझ्या बायकोकडून त्यांनी शंभरेक मास्क शिवून घेतले होते. फुलाफुलांचे, काठाचे, मांजरपाटाचे.

गावानं त्यांचं नाव 'नाकगुरुजी' पाडलं. भजन रंगात आलं की टाळकऱ्यांचे मास्क हनुवटीवर यायचे, आणि गुरुजी रांगेतून "माऊली, नाक... माऊली, नाक" करत फिरायचे.

"गुर्जी, महादेवाला पण एक बांधा की," नागोराव एकदा म्हणाला. नागोराव म्हणजे माझ्यानंतरच्या पहाऱ्याचा विणेकरी.

"महादेवाला श्वास लागत नाही. तुम्हाला लागतो," गुरुजी म्हणाले, आणि सगळे हसले. हसताना चष्म्यांवर वाफ धरली, ती पुसायला परत मास्क खाली.

मला मास्कचं काही वाटत नव्हतं. माझी पिठाची गिरणी. तोंडाला फडकं बांधण्यात माझा जन्म गेलेला. आणि कीर्तन कानात पडत असलं की मला दुसरं काही सुचत नाही. लहानपणी मी कीर्तनापायी जेवायचं विसरायचो. माझी माय म्हणायची, "ह्या वैजूला भाकरीऐवजी अभंगच वाढा." कीर्तनकाराच्या मागं विणा घेऊन उभं राहायचं, पुढं पखवाज बोलतोय, चाल वर चढतेय, आणि आपण त्या आवाजाच्या अगदी उंबऱ्यात आहोत, हे सुख मला कुठल्याच गोष्टीत मिळालं नाही.

त्या पाचव्या दिवशी माझा पहारा संपला. विणा नागोरावच्या गळ्यात घालून आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. गुरुजी मला मंदिरामागच्या लिंबाखाली घेऊन गेले.

"वैजनाथराव, दादांना ताप आहे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विश्वंभर. वडिलांच्या मागं सप्ताहाचा चालक तोच.

"घसा बसलाय त्याचा. भजनानं," मी म्हणालो.

"काल माझ्याकडून गोळ्या नेल्या. आज परत मागितल्या. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. सकाळी दादानं मला बुक्का लावला तेव्हा त्याचं बोट तव्यासारखं लागलं होतं. भर उन्हात त्यानं मफलर गुंडाळला होता.

"काल्याला पहिला घास कुणाला देतात?" गुरुजींनी विचारलं.

"गावातल्या सगळ्यात वडील माणसाला. चालकाच्या हातानं."

"म्हणजे तुमच्या आईला."

 मायला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. थंडीत तिला श्वास पुरायचा नाही, उशा लावून बसून झोपायची.

"मी दादांना बोललो. ते म्हणाले, मला शिकवू नका. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. नाहीतर मला तहसीलला कळवावं लागेल, आणि मग सप्ताहच बंद पडेल. मला ते नकोय."

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मी दादाकडे गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, खोकला आला की मफलर तोंडात धरत होता. मी नुसतं म्हणालो, "दादा, अंगात कणकण दिसती."

"दोन दिवस राहिलेत वैजू. बापानं लावलेलं झाड आहे. मी आता घरात झोपू? मेलो तर काल्याच्या हंडीखाली मरीन."

मी तसाच परत फिरलो. गुरुजींना सांगितलं, "दादानं ऐकलंय." हे मी खोटं बोललो. मनात हिशेब एवढाच होता की दादाला दोन दिवसांत बरं वाटेल आणि महादेव सांभाळून घेईल.

काल्याचा दिवस उजाडला. कीर्तनाला गहिनीनाथ महाराज उभे राहिले. त्यांनी मास्क काढून उपरण्याच्या टोकाला बांधला आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्यासमोर दहा हात कुणी नाही, तेवढी सूट द्या." गुरुजींनी हात जोडले. मग महाराजांनी गोपाळांचा काला असा काही उभा केला की मंडपात कुणी पापणी हलवली नाही. कुणाच्या शिदोरीत ताक, कुणाच्यात कण्या, एकाच्यात काहीच नाही. ज्याच्यात काहीच नाही तो लाजून झाडामागं बसला. देव त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, तुझ्या तोंडातलाच दे. महाराज हे गात होते आणि पन्नास मास्क डोळ्याखाली ओले होत होते. मी मागं विणा घेऊन उभा, माझाही चिंब. भिजून जड झालेलं कापड खाली सरकलं, एका कानातली नाडी सुटली, आणि मास्क पायाशी पडला. गुरुजी मंडपाच्या त्या टोकाला होते. उचलून द्यायला कुणी नव्हतं.

कीर्तन संपलं, हंडी फुटली. दह्यात कालवलेल्या लाह्यांची परात दादापुढं आली. आता काला वाटायचा, आरती व्हायची, आणि विणा देवापुढच्या चौरंगावर विसावायचा. फार तर पंधरा मिनिटं. तोवर पहारा माझा.

गुरुजींनी द्रोण आणून ठेवले होते. दादानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तोंडावरचा मफलर त्यानं खाली ओढला, परातीतला घास उचलला, जपून, दोन्ही हातांनी, आणि खांबाला टेकून बसलेल्या मायकडे गेला. चालताना तो खोकला. घासावरच खोकला. माय तोंडावरचा पदर बाजूला करून, लहान लेकरासारखं तोंड उघडून बसली होती.

मी बघत होतो. एक शब्द पुरला असता. माझ्या गळ्यात विणा होता.

गुरुजी मंडप तुडवत आले आणि त्यांनी दादाच्या हाताखाली फटका मारला.

घास उडाला. दही मायच्या लुगड्यावर, खांबावर, गुरुजींच्या चष्म्यावर. लाह्या जमिनीवर पसरल्या, आणि मागं सरताना गुरुजींचा पाय त्यांच्यावर पडला. चाळीस वर्षांचा प्रसाद पायाखाली.

क्षणभर मंडपात फक्त माझं नाम होतं. रामकृष्णहरी.

"त्यांना ताप आहे," गुरुजी मास्कच्या आतून म्हणाले. "चार दिवस झाले, ताप..."

दादानं त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा गेला. दुसरी मारली तेव्हा गुरुजी गुडघ्यावर आले आणि दादाचं धोतर धरून परत तेच म्हणाले, "आईला देऊ नका." दादाच्या गळ्यात टाळांची जोडी लटकत होती. पितळी, वजनदार, मूठभर जाडीची. त्यानं ती उपसून दोरीनं फिरवली आणि गुरुजींच्या डोक्यात घातली.

तो आवाज मला अजून ओळखता येतो. टाळावर टाळ आपटला की नाद लांबत जातो. हाडावर आपटला की नाद होत नाही.

मग सगळेच धावले. पहिल्या रांगेतले टाळकरी, परात धरलेला, हंडी बांधणारा. आठवडाभर ज्यांना गुरुजींनी "माऊली" म्हटलं ते सगळे. "प्रसाद तुडवतो का," "फोटो काढतो का आमचे," "कधीपासनं बघायलोय ह्याला." कुणी लाथ घातली, कुणी फुटलेल्या हंडीचं खापर उचललं. गुरुजी कुशीवर वळून डोकं हातात लपवत होते आणि कुणीतरी त्यांचे हात ओढून बाजूला करत होतं, दुसऱ्याला नीट मारता यावं म्हणून. महाराज मध्ये घुसले, "अहो माऊली, अहो असं नको," आणि कुणाचं तरी कोपर छातीत बसून मागं पडले.

मी उभा होतो. माझा घसा नाम घेत होता. मला वाटलं, नाम मोठ्यानं घेतलं तर ते भानावर येतील. इतक्या वर्षांत नामानं ह्या माणसांना रडवलेलं मी पाहिलं होतं. म्हणून मी आवाज चढवला, चिपळ्या जोरात वाजवल्या. रामकृष्णहरी. रामकृष्णहरी.

ते भानावर आले नाहीत. त्यांना ठेका मिळाला. माझ्या नामाच्या समेवर टाळ खाली यायला लागला.

हे मला कळलं. कळूनही मी थांबलो नाही. थांबलं की नाम तुटतं. विणा खाली ठेवला की सप्ताह तुटतो. मी नागोरावकडे गेलो, विणा त्याच्यापुढं केला, डोळ्यांनी म्हणालो, घे, मला सोडव. नागोराव गुरुजींच्या पायावर बसला होता.

"थांब की जरा," तो म्हणाला. त्याचा मास्क अजून नीट नाकावर होता.

"मास्क मास्क करतो ना," दादा ओरडला. ताप त्याच्या डोळ्यांत उतरला होता. "घाला ह्याच्या तोंडात."

एकानं आपला मास्क काढून गुरुजींच्या तोंडात कोंबला. दुसऱ्यानं त्याच्यावर दुसरा. तिसरा कुणीतरी जमिनीवरून उचलला, अंगठ्यानं आत दाबला. वरून त्यांचाच मास्क नाकावर ओढून घट्ट धरला. गुरुजींच्या टाचा जमिनीवर आपटायला लागल्या. आधी दोन्ही. मग एकच.

"वैजू," माय म्हणाली.

ती खांब धरून उभी राहिली होती. लुगड्यावरून दही ओघळत होतं.

"दे इकडं."

 आमच्याकडे बाईच्या गळ्यात विणा कधी गेला नव्हता. वडिलांच्या वेळी नाही, कधीच नाही. मी मान हलवली, नको अशी. आणि नाम चालूच. किती वेळा म्हणालो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"दे म्हणते ना. चाळीस वरसं ह्याची खोळ मी धुतली, तेव्हा नाही विटाळला. माणूस मरायलाय तिथं."

तिनंच माझ्या मानेवरून पट्टा उचलला. उचलताना दांडी माझ्या कपाळावर आपटली. भोपळा तिच्या पोटाशी आला, तिच्याहून मोठा दिसला. तिनं खांबाला पाठ टेकली, एक बोट तारेवर ठेवलं, आणि तिच्या त्या श्वास न पुरणाऱ्या छातीतून नाम निघालं. बारीक, घोगरं. जमिनीला काही लागलं नाही.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. नागोरावला मी केस धरून मागं ओढलं, केस हातात आले. एकाच्या तोंडावर चिपळ्यांनीच मारलं, त्याचा दात तुटून माझ्या बोटात रुतला. दादा टाळ फिरवत होता. मी त्याच्यावर पडलो. तापानं भट्टी झालेलं अंग, माझ्याहून दुप्पट जोर. त्यानं माझा खांदा चावला. मी त्याच्या हातातले टाळ हिसकले आणि त्याच्या मनगटावर घातले. एकदा घातले तेव्हा त्याचा हात सुटला होता. तरी मी दुसऱ्यांदा घातले. ज्या हातानं तो घास घेऊन आला होता त्या हातावर. हाड मोडल्याचं मला टाळात जाणवलं.

दादा मनगट पोटाशी धरून बसला आणि माझ्याकडे असं बघायला लागला, जसा लहानपणी मी विहिरीत ढकलल्यावर बघायचा. "वैजू," म्हणाला. एवढंच. बाकीचे मागं सरले होते.

मी गुरुजींच्या तोंडातून मास्क काढले. बोटं घालून, रक्तात ओले. पहिला मांजरपाटाचा. दुसरा फुलाफुलांचा. तिसऱ्याची एक नाडी सुटलेली होती. तो माझा होता.

गुरुजींनी श्वास घेतला. तो श्वास आत जाताना घासला, शिट्टीसारखा. मागं मायचं नाम चालू होतं. आरती होईपर्यंत थांबायचं नव्हतं, आणि त्या दिवशी आरती झालीच नाही. संध्याकाळी पोलिसांच्या देखतच तिनं विणा देवापुढं ठेवला.

एकाच गाडीतून गुरुजी आणि दादा जिल्ह्याला गेले. गुरुजींच्या डोक्याला बावीस टाके पडले. दादाच्या मनगटाचं प्लास्टर वाळायच्या आत त्याला ऑक्सिजन लागला. अकराव्या दिवशी तो गेला. आम्हाला लांबून एक निळी पिशवी दाखवली. आमच्या घरात मी आजारी पडलो, बायको पडली. मायला काही झालं नाही. ती त्यानंतर तीन वर्षं जगली. गावातले काही म्हणायचे, बाईच्या गळ्यात विणा गेला, म्हणून विश्वंभर गेला. ती ऐकायची आणि म्हणायची, "म्हणू दे. त्यांचं तोंड आता उघडं आहे."

चौदा जणांवर केस झाली. ती अजून चालू आहे. गुरुजींच्या जबाबात माझ्या नावापुढं एकच ओळ होती: "वैजनाथ विणा घेऊन उभा होता." ती वाचून वकील म्हणाला, तुम्हाला ह्याचा काही त्रास नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका गावी कीर्तन होतं. मी आता विणा घेत नाही. श्रोत्यांत बसतो, तेवढी गोडी सुटत नाही. मंडपात कडेला एक माणूस मान वाकडी करून, उजवा कान पुढं काढून बसला होता. केसांत लांब पांढरा वण. मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसलो.

"इकडं या," तांबारे गुरुजी म्हणाले. "त्या बाजूनं मला ऐकू येत नाही."

मी उठून उजवीकडे गेलो. बराच वेळ दोघांनी कीर्तन ऐकलं.

"गुरुजी, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. दादानं ऐकलंय म्हणून."

"कळलं ते मला. घास बघितल्यावर."

"आणि मी लवकर..."

"बत्तीस वेळा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शाळेत गणित सांगावं तसं सांगत होते. "तुम्ही बत्तीस वेळा नाम घेतलंत. मग आईंचा आवाज आला. मोजत राहिलो, म्हणून शुद्ध राहिली मला. एकोणिसाव्याला हा कान गेला. त्यानंतरचं सगळं एकाच बाजूनं ऐकलंय."

मी त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. बाहेरून तो चांगला होता.

"म्हणजे ह्या कानानं शेवटचं जे ऐकलं," गुरुजी म्हणाले, "ते तुमचं नाम."

पुढं कीर्तनकारानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना गजर करायला सांगितलं. मंडप उसळला. गुरुजींनीही डोळे मिटून नाम घेतलं, मोठ्यानं, टाळ्या वाजवत. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून ते किती वेळा म्हणतात ते मोजत राहिलो.